बियाण्यावर सत्ता कोणाची?

शाश्वत शेतीच्या संशोधनात तत्त्वचर्चा एका दालनात आणि प्रत्यक्ष कृती दुसऱ्या दालनात, अशी वाटणी हल्ली रूढ झाली आहे. रायपुरात राहणाऱ्या आम्हांस ती पटणे कठीण. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० नंतरच्या दशकात याच शहरी राहून सुमारे १९ हजार भातवाण गोळा केले. एवढ्यावरच ते थांबते, तर थोर संग्राहक म्हणून त्यांना वंदन करून आम्ही मोकळे झालो असतो. परंतु वाण ज्या मुलखाचे, त्याच मुलखात शेतकऱ्याच्या देखत वाढावे, यासाठी त्यांनी विकेंद्रित भातकेंद्रांची योजना मांडली. ज्ञान शेतकऱ्याचे, मग निर्णय परक्याचा का, हा राज्यशास्त्रातला प्रश्न त्यांनी थेट चिखलणीच्या शेतात आणून उभा केला!

पुढे त्यांची संस्था बंद पडली. संग्रह कृषी विद्यापीठाकडे गेला. २००२ साली सिंजेंटा कंपनीशी त्याविषयी बोलणी झाली आणि लोकांच्या विरोधामुळे ती फिसकटली. विरोध योग्यच होता. तथापि कंपनी गेली म्हणून शीतगृहाची किल्ली गावाकडे आली, असे नव्हे.

आमची शंका मात्र निराळी आहे. ‘शेतकरी’ म्हणजे केवळ सातबाराचा धनी काय? महाराष्ट्रात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी माणशी वाटले, भूमिहीनासही वाटा दिला. बी निवडणाऱ्या, राखणाऱ्या बाईचा वाटा भातकेंद्राने कोणत्या मापाने मोजावयाचा?