शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि परंपरेची परीक्षा

धर्मपरंपरा आणि आधुनिक शास्त्रे यांच्या परस्परसंबंधाविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. आजचा प्रत्येक शोध आपल्या ऋषींना ठाऊक होता असे म्हणणारा एक, आणि जे जुने ते अज्ञानमूलक, म्हणून त्याज्य, असे म्हणणारा दुसरा. दोन्ही पक्ष एकमेकांवर त्वेषाने तुटून पडतात. परंतु जुना ग्रंथ उघडून त्यात नेमके काय आहे हे पाहण्याचे कष्ट दोघांपैकी कोणीच घेत नाही. पहिल्याला त्याची गरज वाटत नाही, कारण त्यात सर्व काही आहे याची त्याला आधीच खात्री असते. दुसऱ्यालाही वाटत नाही, कारण त्यात काही नाही याची त्याला तितकीच खात्री असते.

हे कष्ट घेतलेला एक थोर ग्रंथ मराठीत आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ १८९६ साली प्रसिद्ध झाला. साहित्यसभांतून त्याचे नाव आदराने घेतले जाते, आणि नंतर तो ज्योतिष्यांचा ग्रंथ म्हणून बाजूला ठेवला जातो. आमच्या मते तो जितका ज्योतिषाचा तितकाच समीक्षेचा ग्रंथ आहे. परंपरेला प्रश्न कसे विचारावेत आणि तिचे उत्तर कसे ऐकून घ्यावे, याचा असा धडा मराठीत क्वचितच सापडेल.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली कोकणात दापोलीजवळील मुरूड येथे झाला. ते शाळाखात्यात शिक्षक होते. पुढे धुळे आणि पुणे येथे शिक्षक घडविण्याच्या शाळांतून त्यांनी अध्यापन केले. १८९८ साली, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ते निवर्तले. नोकरीचे तास सांभाळून त्यांनी हस्तलिखिते मिळविली, वेदांपासून आपल्या काळच्या पंचांगांपर्यंतचे वाङ्मय चाळले आणि त्यातील गणित स्वतः करून पाहिले. ज्या साली हा इतिहास निघाला, त्याच साली रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ लंडनला प्रकाशित झाला. शिक्षकवर्गाने हे स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात वैदिक काल व वेदांगकाल, आणि दुसऱ्यात सिद्धांतग्रंथांचा काल. पहिल्या भागात दीक्षितांचा प्रश्न साधा आहे: वेदांत ज्योतिषाचे कोणते ज्ञान खरोखर दिसते? नक्षत्रे दिसतात, ऋतूंशी जोडलेले मधुमाधवादी महिने दिसतात, अधिक मासाची कल्पना दिसते. मेष, वृषभ या राशी दिसत नाहीत, आणि सात वारही दिसत नाहीत. दीक्षित हे दोन्ही सारख्याच शांतपणे नोंदवितात. वेदांवर त्यांची श्रद्धा होती. परंतु जे तेथे नाही ते आहे म्हणणे हा श्रद्धेचा भाग आहे असे त्यांना वाटले नाही. ज्या राशींवर आणि वारांवर आज आपले निम्मे मुहूर्त उभे आहेत, ती मागाहून आलेली आहेत, हे एका श्रद्धाळू विद्वानाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत लिहून ठेवले आहे.

दुसऱ्या भागात याहून महत्त्वाची गोष्ट येते. आपले ज्योतिषी गणित आणि आकाश यांचा मेळ बसतो की नाही हे स्वतःच पाहत आले होते. गणिताने सांगितलेला ग्रह त्या ठिकाणी डोळ्यांना दिसला पाहिजे, हा दृक्प्रत्ययाचा दंडक परंपरेचाच होय. मेळ बसेनासा झाला की ग्रहांच्या गतीत दुरुस्ती करीत, तिला बीजसंस्कार म्हणत. नांदगावच्या केशव दैवज्ञांनी वेध घेतले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचून ते गणित सोपे केले. पुढे वेध थांबले आणि ग्रहलाघवाचे पाठांतर तेवढे राहिले. दीक्षितांच्या विवेचनावरून आम्ही हेच ताडतो की, आकाशाशी मेळ घालण्याची चाल मोडणारे खरे परंपरेपासून ढळले. १८६५ च्या सुमारास पाश्चात्त्य कोष्टकांच्या आधारे केरो लक्ष्मण छत्रे यांनी नवे पंचांग सुरू केले, तेव्हा त्यांनी परंपरा तोडली असे नसून खंडित झालेला तिचा दंडक पुन्हा सुरू केला, असेच म्हणावे लागेल.

यावरून दीक्षित सर्वत्र निर्दोष आहेत असे मात्र नाही. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातील उल्लेखावरून त्यांनी गणित मांडले आणि तो ग्रंथभाग सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा ठरविला. गणित बरोबर आहे. अनुमान तितके पक्के नाही. नुसत्या डोळ्यांनी पूर्व दिशा ठरविताना एकदोन अंशांची चूक सहज होते आणि तेवढ्याने काळ काही शतके पुढेमागे सरकतो. शिवाय पूर्वजांनी पाहिलेली गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मुखात राहून मागाहून ग्रंथात येऊ शकते. निरीक्षणाचा काळ हाच रचनेचा काळ, असे धरता येत नाही. पुढच्या अभ्यासकांनी असे आक्षेप घेतलेही. परंतु दीक्षितांनी आपला आधार आणि गणित उघड मांडून ठेवले, म्हणूनच आक्षेप घेता आला, हाही त्यांचाच गुण.

आमचा खरा मतभेद दुसऱ्या ठिकाणी आहे. मकरसंक्रांतीस उत्तरायण लागते असे आपण म्हणतो, आणि भूगोलाचे पुस्तक सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारास उत्तरेकडे वळतो असे सांगते. भूगोलाचे पुस्तक खरे आहे. संपातबिंदू सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश मागे सरतो; सिद्धांतकारांचे नाक्षत्र वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे आहे; आणि हे अंतर साचत जाऊन आज तेवीस दिवसांवर गेले आहे. वेदांतील महिने ऋतूंचे होते, तेव्हा पंचांगही ऋतूंप्रमाणे, म्हणजे सायन, असावे असा दीक्षितांचा निष्कर्ष होता. ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी तसे पंचांग चालविलेही. युक्तिवाद बिनतोड होता, पण समाजाने ते स्वीकारले नाही.

असे का व्हावे? पंचांगात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: वेध, गणित आणि संकेत. पहिल्या दोहोंचा निवाडा शास्त्र करू शकते. तिसऱ्याचा करू शकत नाही. आम्ही माळव्यात राहणाऱ्यांना हे सहज पटावे. आमच्या घरी श्रावण वद्य अष्टमीस कृष्णजन्म होतो, शेजारच्या घरी भाद्रपद कृष्ण अष्टमीस. दिवस एकच, आकाशातला चंद्रही एकच, फक्त महिना अमावास्येला संपवावा की पौर्णिमेला, हा संकेत निराळा. यात कोण खरे, हा प्रश्नच उद्भवत नाही. संक्रांतीला उत्तरायण लागते हे विधान मात्र संकेताचे नाही. ते वस्तुस्थितीचे आहे, आणि म्हणून आज ते चूक आहे. सण कोणत्या दिवशी साजरा करावा हे समाज ठरवील. सूर्य कोणत्या दिवशी वळतो हे समाजाला ठरविता येत नाही. दीक्षितांनी वस्तुस्थिती अचूक दाखविली, पण संकेताचे बळ कमी लेखले.

संकेताचा प्रश्न आला की राजकारण आणि लोकाभिमान आपोआपच येतात. नक्षत्रचक्राचा आरंभ रेवतीच्या तारेपासून मोजावा की चित्रेच्या समोरील बिंदूपासून, या वादात लोकमान्य टिळक रेवतीपक्षाचे होते, तर बागलकोटास शिक्षक असलेले गणिती वेंकटेश बापूजी केतकर चित्रापक्षाचे. दोन्ही तारा बरोबर समोरासमोर नाहीत; सुमारे चार अंशांचा फरक पडतो. त्यामुळे टिळक पंचांगाची संक्रांत आजही १० जानेवारीस येते आणि दाते पंचांगाची १४ किंवा १५ जानेवारीस. ज्या वर्षी दोहोंचे अधिक मास निराळे पडतात, त्या वर्षी दिवाळीतही महिन्याचे अंतर पडू शकते. हा आरंभबिंदू कोणत्याही दुर्बिणीने ठरणारा नाही. तरीही दोन्ही बाजूंनी शास्त्राचे नाव घेऊन वाद झाले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. सर्व काही वेदांत आहे या वृत्तीची साहांनी बंगालीत कठोर थट्टा केली होती. पण याच साहांच्या समितीने जुन्या सिद्धांतांची कसून छाननी केली. समितीत नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी, ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि उज्जैनच्या माधव कॉलेजातील प्रा. आर. व्ही. वैद्य होते, वैद्यांनीच पुढे दीक्षितांचा ग्रंथ इंग्रजीत आणला. १९५५ च्या अहवालानुसार २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष सायन आहे. धार्मिक तिथींसाठी मात्र समितीने चित्रापक्षाला जवळचे निरयन मान ठेवले. गणिताचे मध्यवर्ती स्थान म्हणून तिने भारतीय प्रमाणवेळेचे साडेब्याऐंशी पूर्व रेखांश आणि उज्जैनचे अक्षांश घेतले. तडजोड म्हणून ही रचना चतुर आहे. पण दीक्षितांना न मिळालेले यश राज्यसत्तेलाही मिळाले नाही. ही तिथी राजपत्रावर छापली जाते, आकाशवाणीवर सांगितली जाते. तिच्याप्रमाणे कोणाच्या घरी पुरण शिजत नाही.

मग निष्कर्ष काय? शास्त्र, राज्य आणि समाज यांचे अधिकार निरनिराळे आहेत आणि परंपरेत ते तिन्ही गुंतलेले असतात. समीक्षकाने ते सोडवून दाखवावेत. दीक्षितांच्या ग्रंथात हे सोडविण्याचे साधन आहे, म्हणून त्यांच्या काही निष्कर्षांना बाध आला तरी ग्रंथाला बाध येत नाही.

शिक्षकबंधूंना आमची एकच विनंती आहे. संक्रांतीविषयी विद्यार्थ्याने विचारले, तर पूर्वजांना सर्व ठाऊक होते असेही सांगू नये आणि पूर्वज अडाणी होते असेही सांगू नये. डिसेंबरभर शाळेच्या अंगणात शंकू रोवून मध्यान्हीच्या सावलीची लांबी रोज मोजावयास लावावे. सावली कोणत्या दिवसापासून आखडू लागली हे मुले स्वतः पाहतील. त्यानंतर जानेवारीत त्याच मुलांना तिळगूळ अवश्य वाटावा. शंकू हे साधन आपल्याच सिद्धांतग्रंथांतील आहे, हेही त्यांना सांगावे.