हरवलेला ग्रंथ मंदिरातच होता: पंडिता रमाबाईंचे भाषांतर आणि आपली मंडळी

आजचा विषय आहे पवित्र शास्त्र आणि मंडळीचे नवीकरण. शास्त्र महत्त्वाचे आहे, हे पडेगावात जमलेल्या तुम्हा लोकांना वेगळे सांगायची गरज नाही. ते सगळ्यांना मान्य आहे. अडचण नेमकी तिथेच आहे. मान्य असलेली गोष्ट आपण उघडून बघत नाही.

दुसरे राजे, अध्याय २२ काढा. योशीया राजाच्या अठराव्या वर्षी मंदिराची डागडुजी चालू आहे. सुतार, गवंडी कामाला लागलेत, पैशाचा हिशोब चाललाय, आणि महायाजक सांगतो की नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. कुठे सापडला? परराष्ट्रात नाही, शत्रूच्या घरात नाही. मंदिरातच! म्हणजे याजक होते, अर्पणे होती, इमारत निधीसुद्धा होता; फक्त ग्रंथ हरवला होता, आणि तो हरवल्याचे कोणाच्या लक्षातही आले नव्हते. पुढे राजा त्याचा अर्थ विचारायला माणसे पाठवतो ती कोणाकडे? हुल्दा नावाच्या एका स्त्रीकडे. हे लक्षात ठेवा, कारण मला आज एका मराठी स्त्रीच्या कामाबद्दल बोलायचे आहे.

पंडिता रमाबाई. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच कलकत्त्यात कोणीतरी त्यांच्या हातात संस्कृत बायबल ठेवले. विचार असा असणार, की एवढी मोठी विदुषी, तिला संस्कृतच द्यावे. पण ते संस्कृत त्यांना परके वाटले, आणि त्यांनी ते बाजूला ठेवले. पुढे आसामात सिल्चरला, लग्नानंतर, त्यांना घरातल्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली पुस्तिका मिळाली. तिने त्यांचे मन ओढले. मग इंग्लंडमध्ये एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

बघा बरं का, ज्यांना अख्खे पुराण तोंडपाठ, त्यांच्यापर्यंत भारदस्त भाषा पोहोचली नाही. साधी भाषा आणि एका बाईची गोष्ट पोहोचली. तरीही त्या स्वतः सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे वाक्य आपल्या मंडळीच्या दारावर लावण्यासारखे आहे.

आता १९०५ च्या मुक्ती मिशनच्या संजीवनाकडे येऊ. केडगावला त्या जूनअखेर जे घडले त्याची साक्ष आपण आवडीने सांगतो. अश्रू, पश्चात्ताप, रात्ररात्र प्रार्थना. पण आपण गोष्ट अर्धीच सांगतो. त्या कोण होत्या? पुष्कळशा दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली, बालविधवा, टाकलेल्या बायका. संजीवनाच्या आधी कित्येक वर्षे तिथे त्यांना अक्षर शिकवले जात होते, शास्त्र वाचायला शिकवले जात होते. आणि १९०५ च्या जानेवारीपासून प्रार्थनेचे गट रोज जमत होते. अग्नी पडला हे खरे. पण लाकडे आधी रचलेली होती. आज आपण तीन दिवसांची सभा ठरवतो, मंडप, साऊंड, बाहेरचा वक्ता आणतो, आणि लाकडे न रचता अग्नीची वाट बघतो. चौथ्या दिवशी मंडप निघाला की सगळे पहिल्यासारखे.

रमाबाई मात्र संजीवनावर थांबल्या नाहीत. आयुष्याची शेवटची दीड दशकांहून अधिक वर्षे त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाईच्या कामाला मुक्तीतल्याच स्त्रियांचे हात. १९२२ च्या ५ एप्रिलला त्या वारल्या, त्याच्या थोडेच आधी काम पुरे झाले होते.

मराठी शास्त्र तोपर्यंत नव्हते का? होते. श्रीरामपूरहून १८११ साली नवा करार निघालाच होता. मग नवीन कशाला? रमाबाईंचा आक्षेप दोन बाजूंनी होता. एक, प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला कळत नाही. दोन, त्यातले काही शब्द हिंदू धर्मकल्पनांचे ओझे घेऊन येतात. पहिला आक्षेप मला शंभर टक्के पटतो. हे म्हणणारी बाई स्वतः संस्कृत पंडिता आहे! तिने आपली विद्या दाखवायला नाही, लपवायला वापरली.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल मात्र मी थोडा वेगळा बोलेन. शब्द धुऊन घेता येतात, पण शब्दाला वास असतो तो लोकांच्या बोलण्याचा. तो पूर्ण काढायला गेले की भाषा सोवळी होते, आणि सोवळी भाषा घरात वावरत नाही. इथे नारायण वामन टिळकांचा रस्ता उलटा. त्यांना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाकडून नवा करार मिळाला, डोंगरावरच्या प्रवचनाने ते थांबले, आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी अभंग टाकला नाही, उलट ख्रिस्ताला अभंगात आणले. त्याच्याही आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्सने गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ ओवीतच लिहिले होते.

निकाल काय लागला? बहुतेक मंडळ्यांत व्यासपीठावर आजही बायबल सोसायटीचे भाषांतर आहे; रमाबाईंचे थोड्या हातांत. टिळकांची गीते मात्र प्रत्येक रविवारी. तेव्हा रमाबाई हरल्या आणि टिळक जिंकले, असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. गायचे ते टिकले, वाचायचे ते मागे पडले, एवढाच याचा अर्थ. आणि हे त्या दोघांबद्दल कमी सांगते, आपल्याबद्दल जास्त. टिळक गाऊ शकले कारण त्यांनी आधी वाचले होते. आपण त्यांच्या वाचनावर गातो. दुसऱ्याच्या जेवणाने आपले पोट कसे भरेल?

मंडळीचे आध्यात्मिक आरोग्य म्हणतात ते इथे तपासावे. वर्षाच्या शेवटच्या रात्री आपण वचनाची कार्डे वाटतो. यिर्मया २९:११ निघाले की माणूस खूश. मोबाईलच्या स्टेटसला लावतो. ते चांगल्या भविष्याचे वचन आहे, खरेच आहे. पण बोट एक ओळ वर न्या. दहाव्या वचनात सत्तर वर्षे आहेत! ते पत्र बाबेलात धरून नेलेल्यांना आहे: तिथेच घरे बांधा, मळे लावा, त्या शहराच्या शांतीसाठी प्रार्थना करा. म्हणजे आशा स्वस्त नाही, तिच्यात वाट बघणे आहे. कार्डावर अकरावे वचन मावते, दहावे मावत नाही. मग नोकरी गेली, आजार आला, की माणूस म्हणतो, ‘पाळकसाहेब, देवाने वचन मोडलं.’ देवाने मोडलेले नसते. आपण कापून दिलेले असते.

आणि अख्खे शास्त्र वाचले तर ते आपल्याला सुखाने बसू देत नाही, हेही सांगतो. मराठवाड्यातल्या आपल्या मंडळ्या कुठून उभ्या राहिल्या? जालन्याजवळ नारायण शेषाद्री या मूळच्या ब्राह्मण पाळकाने बेथेल वसवले, त्यात मुख्यतः मांग समाजातली माणसे होती. ज्यांना कोणी वेशीच्या आत घेत नव्हते, त्यांनी शास्त्र हातात धरले. त्यांचीच नातवंडे-पणतवंडे आज सोयरीक जुळवताना मूळची जात विचारतात. गलतीकरांस तिसरा अध्याय मोठ्याने वाचला जातो, आणि बाहेर चहाला उभे राहिलो की तोच प्रश्न. शास्त्र इथे आपला न्याय करते. न्याय करू न देता नवीकरण मागणे म्हणजे शस्त्रक्रियेशिवाय टाके मागणे.

उपाय नवा नाही. नहेम्याच्या आठव्या अध्यायात आहे. एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो. स्त्री-पुरुष आणि समजू शकणारी मुले ऐकतात. लेवी अर्थ समजावून सांगतात. लोक रडतात. तेव्हा त्यांना सांगतात, रडू नका, जेवा, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला वाटा पाठवा. क्रम बघा: वाचणे, समजणे, रडणे, वाटणे. आपण तिसऱ्या पायरीवर उडी मारतो आणि चौथी विसरतो.

म्हणून या आठवड्यात एवढेच करा. घरात मार्काचे शुभवर्तमान एका बैठकीत मोठ्याने वाचा, दोन तास पुरतात. सुनेला वाचू द्या, आजी ऐकतील, आणि जो शब्द आजीला कळणार नाही त्यावर खूण करा. त्या खुणा घेऊन पाळकांकडे जा. रमाबाईंचे काम तिथून पुढे चालू होईल.

प्रभू तुम्हांला आशीर्वादित करो.