‘श्यामची आई’ आणि ‘तोत्तोचान’ : मुलांचे ‘अवघड’ वर्तन आणि मोठ्यांचा प्रतिसाद

प्रस्तावना :

हट्ट करणारे, ऐकून न घेणारे, वर्गात एका जागी न बसणारे मूल हा घर आणि शाळा या दोन्ही संस्थांपुढील नित्याचा प्रश्न होय. मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांनी त्याची पुष्कळ चर्चा केली आहे. तथापि मूल असे का वागते, हे मुलाच्या बाजूने सांगण्याचे सामर्थ्य साहित्यकृतीत असते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ आणि तेत्सुको कुरोयानागी यांचे १९८१ मध्ये जपानीत प्रसिद्ध झालेले व पुढे नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणलेले ‘तोत्तोचान’ या दोन आत्मपर कृतींचा प्रस्तुत लेखात या दृष्टीने विचार केला आहे. पहिलीच्या केंद्रस्थानी कोकणातील घर आहे, तर दुसरीच्या केंद्रस्थानी तोक्योतील शाळा.

वर्तनाची मोजणी आणि वर्तनाचे कारण :

तोत्तोचानला पहिल्या इयत्तेतच शाळेतून काढून टाकले जाते. बाईंची तक्रार सविस्तर आहे. ती डेस्कचे झाकण शंभरदा उघडते व मिटते, खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारते, वळचणीच्या पाखरांशी बोलते, चित्र काढताना कागद सोडून डेस्कवर रेघोट्या ओढते. या तक्रारीत खोटे काहीच नाही, परंतु त्यात कारण नाही. वर उघडणारे झाकण त्या मुलीने प्रथमच पाहिले आहे आणि तो तिच्या आनंदाचा विषय आहे. झेंड्याची झालर कागदात मावली नाही, म्हणून ती डेस्कवर उतरली आहे. शिक्षिका कृती मोजते, लेखिका तिच्यामागील हेतू सांगते. ‘वाह्यात’ या शिक्क्याचा फोलपणा एवढ्यातच उघड होतो.

याउलट तोमोए शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत त्या मुलीचे बोलणे चार तास ऐकून घेतात. हा प्रसंग केवळ हृद्य नाही, त्यात एक कार्यपद्धती आहे. निर्णय नंतर, ऐकणे आधी, असा तिचा क्रम आहे. घरीही तिची आई शाळेतून काढल्याची गोष्ट मुलीला सांगत नाही. ती वीस वर्षांची झाल्यावरच तिला ते कळते. अपमानाचे ओझे मुलाच्या खांद्यावर न देणे हाही प्रतिसादाचाच एक प्रकार म्हणावा लागेल.

विहीर आणि तलाव :

‘श्यामचे पोहणे’ या प्रकरणात पाण्याच्या भीतीने श्याम घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठवते. श्याम पाण्यात उतरतो, भीती मोडते. पुढे त्याच्या अंगावरचे वळ पाहून आईलाच गहिवरून येते, ताटात दही वाढले जाते आणि आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये ही तिची तळमळ व्यक्त होते. या प्रसंगाचा आधार घेऊन ‘छडी लागल्याशिवाय मूल घडत नाही’ असे म्हणणारा वाचकवर्ग मोठा आहे. परंतु हे वाचन अपुरे आहे. ज्या ‘थोर अश्रू’ प्रकरणात पायाला माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, तिथे आई पदर पसरते आणि पायांइतकेच मनालाही जपण्यास सांगते. तिथे छडी नाही, तरीही शिकवण अधिक खोल रुजते. विहिरीच्या प्रसंगातही श्यामच्या स्मरणात टिकते ते माराइतकेच त्यानंतरचे वात्सल्य.

तोमोएच्या तलावातही भीती आणि संकोच आहेत. पोलिओने अधू झालेल्या यासुआकीसारख्या मुलांना स्वतःच्या देहाची लाज वाटू नये, म्हणून कोबायाशी सर्वांनाच विनावस्त्र पोहू देतात. आई भीतीवर मात करण्यास भाग पाडते, कोबायाशी भीतीचे कारणच दूर करतात. दोघांचेही ध्येय एकच आहे. मार्गातील अंतर मात्र दुर्लक्षिण्याजोगे नाही.

समजून घेणे म्हणजे मोकळे सोडणे नव्हे, हेही ‘तोत्तोचान’ स्पष्ट करते. शौचकूपात पडलेले पाकीट शोधण्यासाठी ती मैला उपसून बाहेर काढते, तेव्हा कोबायाशी रागावत नाहीत. काम झाल्यावर सगळे परत आत टाकशील ना, एवढेच ते विचारतात. विश्वास आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी त्या एका प्रश्नात आहेत.

मर्यादा :

दोन्ही कृतींचे निवेदन प्रौढपणी, कृतज्ञतेने केलेले आहे. कृतज्ञता साधनाची किंमत झाकून टाकते. ‘आम्हीही मार खाल्ला, म्हणून घडलो’ या प्रचलित युक्तिवादाचे मूळ येथेच आहे. जे मूल त्याच माराने कायमचे मिटले, त्याचे आत्मचरित्र लिहिले गेलेले नसते. तसेच तोमोए ही जेमतेम पन्नास मुलांची, रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा होती आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला प्रत्येकासाठी चार तास देणे शक्य नाही. ही अडचण खरी आहे, पण शिक्का न मारण्यास वेळ लागत नाही, हेही तितकेच खरे.

निष्कर्ष :

१. मुलाचे अवघड वर्तन ही बहुधा भीती, कुतूहल वा संकोच यांची भाषा असते, असे दोन्ही कृतींतून दिसते.

२. ‘श्यामची आई’मधील संस्कारांचे बळ छडीत नसून नात्यात आहे. तिचा दाखला शारीरिक शिक्षेच्या समर्थनार्थ देणे हा त्या कृतीवर अन्याय होय.

३. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. कायद्याने छडी हातातून काढून घेतली. तिच्या जागी काय यावे, याचे उत्तर कोबायाशींच्या ऐकण्यात आणि श्यामच्या आईने पसरलेल्या पदरात शोधता येते.