आभार गाळलेले पत्र

दुसऱ्या शतकात आपियोन नावाचा इजिप्तमधला एक तरुण रोमन आरमारात भरती झाला. इटलीतल्या मिसेनम बंदरावर पोहोचल्यावर त्याने बापाला पत्र धाडले. आधी नमस्कार, मग घरच्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना, मग समुद्रातल्या संकटातून वाचवले म्हणून सेरापिस देवाचे आभार, आणि त्यानंतर हाती पडलेल्या प्रवासभत्त्याची बातमी. पापायरसवरचे हे पत्र जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान यांनी १९०८च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात छापले. पौलाची पत्रे हा ग्रीक साहित्याचा नमुना नसून अशाच खऱ्याखुऱ्या, कामापुरत्या लिहिलेल्या पत्रांच्या जातीची आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

साचा खरोखरच तोच आहे. थेस्सलनीका असो, फिलिप्पै असो की भांडखोर करिंथ, पौल आधी नमस्कार करतो आणि लगेच त्या मंडळीबद्दल देवाचे आभार मानतो. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात मात्र आभारांची ओळच नाही. नमस्कार आटोपतो आणि पौल थेट आश्चर्य व्यक्त करतो, की इतक्या लवकर तुम्ही पाठ फिरवलीत! पत्र ऐकायला जमलेल्यांना ही गाळलेली जागा बोचली असणार. ही गाळणूक लेखनाची युक्ती मानायची की ईश्वरविज्ञानाचे विधान? आरंभीच्या ख्रिस्ती पत्रांचा अभ्यास गेली पन्नास वर्षे याच प्रश्नाभोवती फिरतो आहे. दुर्दैवाने बराच काळ त्याची दोन अर्धी दोन वेगळ्या दालनांत ठेवली गेली.

वक्तृत्वाच्या दालनातले नवे पर्व हान्स डीटर बेट्झ यांच्यापासून मोजतात. त्यांचे गलतीकरांवरील भाष्य १९७९ साली आले. या पत्राची रचना न्यायालयातल्या बचावाच्या भाषणासारखी आहे, असा त्यांचा दावा होता: प्रस्तावना, घडलेल्या घटनांचे निवेदन, मुख्य प्रतिज्ञा, पुरावे, शेवटी उपदेश. रोमन वक्तृत्वशिक्षक किन्तिलियनच्या ग्रंथातली ही चौकट पत्रावर ठेवल्यावर पहिले दोन अध्याय एकदम लख्ख दिसू लागले. पौल तिथे आत्मचरित्र का सांगतो, याला प्रथमच नीट कारण मिळाले. तसे पाहता हे अगदी नवेही नव्हते. ऑगस्टीन स्वतः वक्तृत्वाचा शिक्षक होता, आणि ख्रिस्ती शिकवणीवरच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात त्याने पौलाची वाक्ये उलगडून दाखवली आहेत. सोळाव्या शतकात मेलांख्टन यांनी रोमकरांच्या पत्राला हीच कसोटी लावली. मधल्या काळात हे विस्मरणात गेले, इतकेच.

पण बेट्झ यांची चौकट तिसऱ्या अध्यायानंतर कुरकुरायला लागते. न्यायालयात वकील न्यायाधीशांना सदाचाराचा उपदेश करत नाही, आणि पत्राचा शेवटचा मोठा भाग तर उपदेशच आहे. जॉर्ज केनेडी यांनी १९८४ मध्ये दुरुस्ती सुचवली: हे बचावाचे भाषण नाही, निर्णय घ्यायला लावणारे भाषण आहे. गलतीकरांनी सुंता करून घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न तिथे आहे. मला हे जास्त पटते. पण मग दोन दशके जे झाले ते कंटाळवाणे होते. प्रत्येक पत्राची प्रस्तावना कुठे संपते आणि प्रतिज्ञा कोणत्या वचनात आहे, यावर प्रबंधांमागून प्रबंध आले, आणि दोन अभ्यासकांचे आराखडे क्वचितच जुळले. १९९६ मध्ये डीन अँडरसन आणि दोन वर्षांनी फिलिप कर्न यांनी यावर पाणी ओतले. पाठ्यपुस्तके भाषणांसाठी होती, पत्रांसाठी नव्हती, आणि पौल त्या शाळेत शिकल्याचा पुरावा नाही, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. मात्र त्यातून पौलाला वक्तृत्वाशी देणेघेणे नव्हते असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. शाळेत न जाताही माणूस बाजारात, सभास्थानात, भांडणात युक्तिवाद शिकतो. करिंथकरांना तो सांगतो की मी वक्तृत्वाचे वैभव घेऊन तुमच्याकडे आलो नाही. हे वाक्य किती बेतून लिहिलेले आहे, ते एकदा मोठ्याने वाचून पाहावे.

दुसऱ्या, ईश्वरविज्ञानाच्या दालनात याच काळात मोठी उलथापालथ झाली. ई. पी. सँडर्स यांच्या १९७७च्या ग्रंथाने जर्मन प्रोटेस्टंट परंपरेचा एक आवडता समज मोडला. पहिल्या शतकातला यहूदी धर्म म्हणजे पुण्याचा हिशेब ठेवून तारण कमावण्याचा धर्म, अशी ती समजूत होती. मृत समुद्राच्या गुंडाळ्या आणि रब्बींचे ग्रंथ वाचून सँडर्स यांनी दाखवले की करारात प्रवेश देवाच्या कृपेने मिळतो आणि आज्ञापालन हे आत राहण्यासाठी असते. जेम्स डन यांनी १९८२च्या मँचेस्टरच्या व्याख्यानात पुढचे पाऊल टाकले. पौल ज्या नियमशास्त्राच्या कृत्यांवर तुटून पडतो ती म्हणजे सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शब्बाथ, यहूदी आणि इतरांमध्ये कुंपण घालणाऱ्या खुणा. 'नवा दृष्टिकोन' हे नाव तेव्हा रूढ झाले. आता ते नाव जरा केविलवाणे वाटते. चाळीस वर्षांनंतर नवे काय उरते?

डन यांच्या व्याख्यानाचा आधार गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायातले सोळावे वचन हा होता, आणि दोन्ही दालनांची भिंत तिथेच पडायला हवी होती. प्रसंग अंत्युखियाचा. तिथे यहूदी आणि बिगरयहूदी विश्वासणारे एका मेजावर जेवत. याकोबाकडून काही माणसे आली आणि पेत्र हळूच मागे सरला. त्याचे पाहून बाकीचे यहूदीही उठले, बर्णबासुद्धा. पौलाने पेत्राला सर्वांदेखत सुनावले. या सुनावण्याची सुरुवात सहज सापडते, शेवट मात्र सापडत नाही. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नसतात. काही आवृत्त्या पौलाचे बोलणे चौदाव्या वचनाला संपवतात, काही अध्यायाच्या शेवटापर्यंत नेतात. दुसरे खरे मानले, तर माणूस नियमशास्त्राच्या कृत्यांनी नाही तर विश्वासाने नीतिमान ठरतो, हे पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माची दोन शकले करणारे विधान जेवणावरून झालेल्या भांडणात, पेत्राला उद्देशून केलेले आहे. पहिले खरे मानले, तर पौल मेजावरून उठून गलतीकरांकडे वळला आणि वळताना त्याने सांधा मुद्दाम झाकला. कसेही घ्या, इथे निवेदन आणि प्रतिज्ञा यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही. बेट्झ यांनी ती ओढली. ल्यूथर यांना या पत्राचे इतके वेड, की ते त्याला आपली केटी, म्हणजे आपली बायको म्हणत. १५३१ साली त्यांनी त्यावर दीर्घ व्याख्याने दिली. त्यांच्याकडे मेज मागे पडले आणि पापी माणसाची एकाकी सदसद्विवेकबुद्धी पुढे आली. क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३ मध्येच बजावले होते, की ही अस्वस्थ सदसद्विवेकबुद्धी पश्चिमेची आहे, पौलाची नाही.

अंत्युखियाचे ते मेज मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहावरून रानडे-टिळकांच्या वर्तुळात प्रायश्चित्ताचा केवढा वाद पेटला, ते आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो. कोण कोणाबरोबर खातो यात सगळा धर्म सामावू शकतो, हे आपल्याला टीप न वाचता कळते. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात शिकवणारे जॉर्ज सोआरिस-प्रभू यांनी १९९२ मध्ये येशूच्या पंक्तीचा अर्थ भारतातल्या दलित ख्रिस्ती लोकांच्या संदर्भात मांडला होता. त्यांचा भर शुभवर्तमानांवर होता. तोच प्रश्न अंत्युखियाच्या मेजाला विचारण्याची जागा पुण्या-मुंबईइतकी दुसरीकडे कुठे तयार आहे? मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतही जातीची पंगत सहजासहजी मोडली नाही. पेत्राचे मागे सरणे हा आपल्याकडे नित्याचा अनुभव आहे.

गलतीकरांवर अलीकडे जे लिहिले गेले त्यात मला जॉन बार्कले यांचे २०१५चे पुस्तक सर्वांत सरस वाटते. सँडर्स म्हणाले होते की यहूदी धर्मातही कृपा होती. बार्कले विचारतात, कसली कृपा? प्राचीन जगात देणगी योग्य माणसाला द्यायची आणि तिने परतफेडीचे नाते बांधायचे, हा शिरस्ता होता. कृपा आधी येते असे म्हणणे वेगळे आणि ती लायकी न पाहता येते असे म्हणणे वेगळे. पौलाचा भर दुसऱ्यावर आहे. लायकीची मोजपट्टी देवानेच बाजूला टाकली असेल, तर जन्म, सुंता, पत यांवर उभी असलेली पंगतही टिकत नाही. सिद्धान्त आणि जेवणाचे मेज इथे पुन्हा एकत्र येतात. या पुस्तकाला लांबी बरीच कमी चालली असती, हे खरे. मार्क नॅनोस यांनी २००२ मध्ये त्या सुरुवातीच्या 'आश्चर्या'त उपरोध ऐकला, आणि पौलाला यहूदी धर्माच्या आत ठेवून वाचणाऱ्यांचा पक्ष तेव्हापासून वाढतो आहे. त्यांची सगळी मांडणी पटली नाही तरी त्यांचा कान तिखट आहे, हे मान्य करावे लागते.

करिंथकरांच्या पहिल्या पत्रावर दोन स्त्रियांनी एका वर्षाच्या अंतराने जे लिहिले, त्यावरून या अभ्यासाची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. मार्गारेट मिचेल यांनी १९९१ मध्ये दाखवले की सारे पत्र फूट मिटवून एकोपा घडवण्याचा एकच सलग युक्तिवाद आहे. फूट, तंटा, शरीर आणि अवयव हे शब्द ग्रीक-रोमन नगरराजकारणातल्या भाषणांतले ओळखीचे शब्द होते. आपल्याकडे ख्रिस्ती लग्नांत वाचला जाणारा तेरावा अध्याय, प्रीतीचा, या चौकटीत वेगळाच दिसतो. तो नवरा-नवरीसाठी नाही. अन्य भाषांत बोलण्याचे वरदान मिरवणाऱ्यांना आणि मूर्तींपुढचे मांस बिनदिक्कत खाणाऱ्यांना दिलेली ती चपराक आहे. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकात झाली आणि वचनांचे आकडे सोळाव्यात पडले. त्या काटछाटीने हा अध्याय युक्तिवादातून सुटून फ्रेममध्ये गेला.

मिचेल पौलाच्या बाजूने ऐकतात. अँटोइनेट क्लार्क वायर यांनी १९९० मध्ये समोरच्या बाजूने ऐकले. त्यांची युक्ती साधी: पौल जिथे सर्वांत जास्त जोर लावतो तिथे समोरचा पक्ष सर्वांत भक्कम असणार. त्यातून त्यांनी करिंथच्या भविष्यवाणी करणाऱ्या स्त्रियांचे ईश्वरविज्ञान उभे केले. पुनरुत्थान आपल्यात आताच घडले आहे असे मानणाऱ्या, डोके न झाकता बोलणाऱ्या त्या स्त्रिया. पौलाच्या प्रत्येक वाक्यामागे त्याच आहेत असे मानणे ही ओढाताण आहे, आणि वायर ती करतात. तरीही मला मिचेल यांच्या नेटक्या पुराव्यांपेक्षा वायर यांची अतिशयोक्ती अधिक शिकवून गेली. एकोप्याचे आवाहन करणाऱ्याला नेहमी विचारावे, एकोपा कोणाच्या अटींवर? डेल मार्टिन यांनी १९९५ मध्ये एक उत्तर दिले. शरीराची उपमा राज्यकर्ते गरिबांना गप्प बसवायला वापरत. पौल ती उलटवतो आणि दुबळ्या अवयवाला जास्त मान देतो. पण हाच पौल स्त्रियांच्या डोक्यावरच्या आच्छादनाशी आला की तीच उतरंड परत मांडतो. मार्टिन हे लपवत नाहीत.

गेल्या तीन दशकांत लक्ष कागदावरून आवाजाकडे वळले आहे, आणि ते चांगलेच झाले. रोमकरांचे पत्र लेखनिक तर्तियसच्या हातचे. किंख्रियाच्या फीबीची पौल त्याच पत्रात शिफारस करतो. पत्र तिनेच नेले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे रोमच्या घरोघरच्या मंडळ्यांत शंका विचारल्या गेल्या असतील तर त्या बहुधा तिलाच विचारल्या गेल्या. सुमारे सात हजार ग्रीक शब्दांच्या या मजकुराची पहिली भाष्यकार एक स्त्री असण्याची शक्यता दाट आहे. या दिशेचे काही संशोधन मात्र नाट्यप्रयोगाच्या उत्साहात वाहून जाते आणि हावभावसुद्धा शोधू लागते.

फिलेमोनाला लिहिलेले पत्र अवघ्या २५ वचनांचे. वक्तृत्वाच्या अभ्यासकांचा हा लाडका मजकूर, कारण त्यात पौल हुकूम करू शकतो असे म्हणून हुकूम करत नाही, कर्ज मी फेडीन असे स्वतःच्या हाताने लिहितो आणि तू मला स्वतःचेच देणे लागतोस हे सांगत नाही असे म्हणत सांगतो. सारे भाष्यकार या कसबाला दाद देतात. अनेसिम या गुलामाला मोकळे कर, असे स्पष्ट शब्द मात्र त्यात नाहीत. जेवढी मुत्सद्देगिरी जास्त तेवढी मागणी धूसर, आणि त्या धूसरपणाचा फायदा पुढे कोणी घेतला हे अमेरिकेच्या दक्षिणेत दिसले. हॉवर्ड थर्मन यांनी १९४९च्या पुस्तकात आपल्या आजीबद्दल लिहिले आहे. तिचा जन्म गुलामीतला. नातू बायबल वाचून दाखवायचा, पण पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. मालकाचा गोरा उपदेशक गुलामांना पौलाचाच हवाला देऊन आज्ञाधारक राहायला सांगायचा. प्रीतीच्या अध्यायाला तेवढी तिची कधीमधी परवानगी असे. ज्या वक्तृत्वाचे आम्ही वर्ग घेतो, त्याचा परिणाम मोजायचा तर अशा श्रोत्यांनाही मोजावे लागते. एलिझाबेथ श्युसलर फिओरेंझा हेच कळकळीने सांगत आल्या: मजकुराचा युक्तिवाद उलगडणाऱ्याने त्याच्या परिणामांचीही जबाबदारी घ्यावी.

हा अभ्यास पौलापाशीच थांबतो, ही माझी शेवटची तक्रार. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथला एक लांबलचक पत्र पाठवले. परंपरा ते क्लेमेंटच्या नावावर ठेवते. करिंथकर पुन्हा भांडले होते आणि त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांना पदावरून उतरवले होते. रोमचे पत्र त्यांना पौलाचे जुने पत्र हाती घ्यायला सांगते आणि एकोप्याचा तोच युक्तिवाद नव्याने मांडते. मिचेल यांच्या वाचनाला याहून जुना साक्षीदार मिळणार नाही. पण रोमचे हे पत्र शरीर आणि अवयवांच्या जोडीला रोमन सैन्याची शिस्तही आदर्श म्हणून पुढे ठेवते. फूट पाडणाऱ्यांनी वडिलांच्या अधीन व्हावे, असे ते स्पष्ट सांगते. ज्यांनी त्यांना उतरवले त्यांची बाजू त्यात कुठेही येत नाही. त्या पत्राला वायर यांची कसोटी कोणीतरी लावून बघावी.