बाटलीतला सूर्य

बालवाङ्मयातील अद्भुताविषयी आपल्याकडे एक समजूत रूढ आहे. जादू जितकी मोठी, तितकी गोष्ट मुलांच्या मनाची पकड घेणार, असे आपण धरून चालतो. ही समजूत पारखून पाहावयाची असेल, तर लंडन वीकेंड टेलिव्हिजनने १९७० व १९७१ साली दाखविलेली ‘कॅटवीझल’ ही मालिका पाहावी. हिचा नायक जादूगार आहे खरा; पण त्याची जादू बहुधा चालतच नाही.

रिचर्ड कार्पेंटर या मूळच्या नटाने हिचे तेरा-तेरा भागांचे दोन खंड लिहिले. अकराव्या शतकातला हा फाटका मांत्रिक नॉर्मन शिपायांच्या तावडीतून सुटण्यासाठी पाण्यात उडी घेतो, आणि वर येतो तो सुमारे नऊशे वर्षांनंतरच्या इंग्लंडात. शेतावर राहणाऱ्या कॅरट नावाच्या मुलाशी त्याची गाठ पडते. विजेचा दिवा पाहून त्याला वाटते, कोणी सूर्यच बाटलीत कोंडला आहे. विजेला तो ‘इलेक्ट्रिकरी’ म्हणतो. त्या शब्दात वीजही आली आणि चलाखीही. टेलिफोनला म्हणतो ‘टेलिंग बोन’, म्हणजे बोलके हाड.

येथे एक आक्षेप संभवतो. एका अडाण्याची फजिती दाखवून आजच्या मुलाला उगाच शहाणपणाचा ताठा चढविणे, एवढेच या विनोदाचे स्वरूप नव्हे काय? मार्क ट्वेनच्या १८८९ सालच्या कादंबरीशी ताडून पाहिले म्हणजे या आक्षेपाचे उत्तर मिळते. तेथे एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन राजा आर्थरच्या काळात जाऊन पडतो, आणि सूर्यग्रहणाच्या ज्ञानाचा जादू म्हणून उपयोग करून स्वतःचा जीव वाचवितो. विज्ञान जाणणारा तेथे अज्ञांवर सत्ता गाजवितो. कार्पेंटरने दिशा उलटी केली. त्याचा प्रवासी सत्ता गाजविण्याजोगे काहीच बरोबर आणत नाही. आणली ती विद्याही निकामी ठरते. मात्र तो मूर्ख नाही. भिंतीवरची कळ दाबताच प्रकाश पडतो, त्या अर्थी हे मोठ्या मांत्रिकाचे काम असले पाहिजे, असे त्याचे अनुमान आहे. गृहीत चुकले, तर्क चुकलेला नाही. आणि रोज दिवा लावणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना तो कसा लागतो हे नीट सांगता येईल? आपणही कळीवर श्रद्धा ठेवूनच जगतो. फरक इतकाच की, त्याचे आश्चर्य शाबूत आहे आणि आपले विझले आहे. ज्या भाषेने रेल्वेला आगगाडी म्हटले, तिच्या वाचकाला तरी बोलक्या हाडाचे नुसते हसू येऊ नये. नवी वस्तू जुन्या अनुभवात बसविण्याची ही माणसाची मूळचीच रीत आहे.

पण मालिकेचे खरे बळ याहून खोल आहे. एरवीच्या परीकथेत जादूगार मुलाचा पाठीराखा असतो. येथे मुलाला जादूगाराला सांभाळावे लागते, वडीलधाऱ्यांच्या नजरेपासून लपवावे लागते. तो चिडतो, कुरकुरतो, चुकीच्या वस्तूला हात लावतो. आणि मुलाच्या अंगी अकाली एक वडीलपण येते. या नात्याला एक काटा आहे. कॅटवीझलला आपल्या काळात परत जावयाचे आहे. त्याला मदत करावयाची म्हणजे आपला मित्र कायमचा गमवावयाचा, हे मुलाच्या वाट्याचे दुःख आहे. पहिल्या खंडाच्या अखेरीस तो पाण्यातूनच परत जातो, तेव्हा हसणाऱ्या प्रेक्षकाला आपण इतका वेळ एका विरहाकडे चाललो होतो हे उमगते.

जेफ्री बेल्डनच्या अभिनयावाचून हे साधले नसते. वयाची पंचेचाळिशी गाठलेल्या या नटाने म्हातारपण कण्हण्या-कुंथण्यात शोधले नाही. कोपऱ्यात सापडलेल्या रानजनावराची चपळ भीती त्याने अंगात मुरविली. तो विनोद करीत नाही, घाबरतो. आणि म्हणूनच आपण हसतो, पण त्याला हसत नाही.

दुसरा खंड मात्र उतरला आहे. तेथे शेताऐवजी सरदाराची हवेली आली, नवा मुलगा आला, आणि उडण्याची विद्या मिळावी म्हणून राशिचक्राची चिन्हे शोधण्याचा खटाटोप आला. प्रत्येक भागाला ठरीव उद्दिष्ट मिळाले. त्याबरोबर निर्हेतुक विस्मय ओसरला. पहिल्या खंडात त्याला फक्त जगावयाचे होते आणि घरी जावयाचे होते. तेवढे पुरे होते.

मुलांना समर्थ जादूगार आवडतो, यात शंका नाही. परंतु ज्याचे मंत्र फसतात, ज्याला जग कळत नाही आणि तरीही जो दिव्याकडे डोळे विस्फारून पाहतो, त्याच्यात मूल स्वतःला ओळखते. ही ओळख करून देणारी कलाकृती मुलांची म्हणून धाकटी ठरत नाही.