पारव्याचे दुःख आणि जागृत बुद्ध

शांतता म्हटली की पांढरे कबूतर, हे समीकरण आज इतके रूढ झाले आहे की बुद्धजयंतीच्या शुभेच्छापत्रांवरही तथागतांच्या शेजारी ते सहज येऊन बसते. बायबलमध्ये नोहाच्या नौकेकडे ऑलिव्हचे पान घेऊन परतणारे कबूतर आणि १९४९ च्या पॅरिस शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावरील पिकासोचे कबूतर, या दोघांनी हे प्रतीक जगभर पोहोचवले. मराठी कवितेतील या कुळातला सर्वांत संस्मरणीय पक्षी मात्र पांढराही नाही आणि शांतिदूतही नाही. तो बालकवींचा 'पारवा' आहे. या कवितेत बुद्धाचाही उल्लेख येतो. म्हणून बौद्ध वाचकाने तिची परीक्षा धम्माच्या दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

एका पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर बसून पारवा एकट्यानेच खिन्न सूर धरतो. भर मध्यान्ह आहे, वर घार फिरते आहे, इतर पाखरे पानांच्या सावलीत विसावली आहेत. याला उडण्याची हौस नाही आणि मानाची इच्छाही नाही. कवी त्याला त्याच्या दुःखाचे कारण विचारतो. माणसाची सुखाची झोप टिकत नाही, असे सांगून तो दुःखाच्या निद्रेत बुडालेल्या व जगभर करुण गीत घुमविणाऱ्या बुद्धाचे स्मरण करतो.

बालकवींची थोरवी प्रथम मान्य केली पाहिजे. मराठी परंपरेत कबूतर त्यापूर्वीही आले होते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंत कपोत आहे, आणि एकनाथांच्या टीकेमुळे तो घराघरांत पोहोचला. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली मादी व पिले पाहून तो स्वतःही जाळ्यात उडी घेतो. त्यातून निघालेले तात्पर्य असे की आसक्ती घातक आहे. दोष दुःख करणाऱ्याच्या पदरात पडतो; जाळे पसरणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. बालकवी पारव्याला उपदेश करीत नाहीत, त्याच्या वेदनेची विचारपूस करतात. ही माणुसकी मोठी आहे.

तथापि ही विचारपूस अर्ध्यावर थांबते. धर्मशाळा कोणी बांधली, ती का ओस पडली, हे प्रश्न कवितेत उद्भवत नाहीत. कर्जत-खालापूर परिसरातील, कुंभिवलीसारख्या गावातील वाचकाला येथे कोंडाण्याची लेणी आठवल्यावाचून राहणार नाहीत. राजमाचीच्या पायथ्याशी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती कोरली गेली. चैत्यगृहातील कित्येक खांब आज उरलेले नाहीत. परंतु तेथील एका भग्न शिल्पाजवळ कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केल्याचा ब्राह्मी लेख आहे. पडझडीकडे पाहून केवळ खिन्न होणे सोपे आहे. तेथे राबलेल्या हातांचे नाव वाचणे आणि ही परंपरा कशी खंडित झाली हे विचारणे, हे धम्माचे काम आहे.

बालकवींचा जन्म १३ ऑगस्ट १८९० चा, बाबासाहेबांचा १४ एप्रिल १८९१ चा. अवघ्या आठ महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या या दोघांपर्यंत बुद्ध पोहोचला तो किती निराळ्या रूपांत! कृ. अ. केळुसकरांचे मराठी बुद्धचरित्र १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मॅट्रिक झालेल्या भीमरावांना ते खुद्द लेखकाकडून भेट मिळाले. बालकवी १९१८ मध्ये अपघातात गेले. त्यांच्या कवितेतील बुद्ध दुःखात निद्रिस्तच राहिला. बाबासाहेबांनी १९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच विचारले की सारे दुःखच असेल तर हा धम्म निराशावादी ठरत नाही काय? ग्रंथात त्यांनी दिलेले उत्तर असे की दुःखाचे अस्तित्व मान्य करणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखविणे, या दोहोंवर धम्म उभा आहे. 'बुद्ध' या शब्दाचा अर्थच जागा झालेला असा आहे. त्याला निद्रिस्त म्हणणे ही केवळ कविकल्पना नव्हे. त्यात धम्माविषयीचा एक मोठा गैरसमज सामावला आहे.

शांततेविषयीही हेच म्हणता येते. बाबासाहेबांच्या कथनात रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याचा ठराव शाक्य संघापुढे येतो, तेव्हा सिद्धार्थ उभा राहून त्याला विरोध करतो आणि त्याची किंमत म्हणून गृहत्याग पत्करतो. ही शांतता मुकी नाही. रोमक जातकातील पारव्यांचा प्रमुख म्हणजे बोधिसत्त्वच. पारव्यांच्या मांसाची चटक लागलेल्या ढोंगी तपस्व्याचे कपट तो वेळीच ओळखतो. त्याचा भाबडेपणा जातो आणि त्या जागी प्रज्ञा येते. निरागसता हरपल्याचा शोक या कथेत नाही.

दलित कवितेने या पांढऱ्या पक्ष्याला फारसे जवळ का केले नाही, याचे उत्तर तिच्या संग्रहांच्या नावांतच मिळते. दया पवारांचा 'कोंडवाडा' (१९७४), ज. वि. पवारांची 'नाकेबंदी', वामन निंबाळकरांची 'गावकुसाबाहेरील कविता' ही सारी नावे भिंती आणि कुंपणे दाखवितात. ज्याला मोकळे आकाशच मिळाले नाही, त्याने हरवलेल्या निरागसतेचे गीत कसे गावे? शांततेचे प्रतीक उचलण्यापूर्वी त्याने भिंतीकडे बोट दाखविले, हे योग्यच झाले.

म्हणून 'पारवा' आपल्या मुलांना अवश्य शिकवावी. तिच्यातील करुणा खरी आहे. मात्र ती शिकवताना एवढे सांगावे की ही कविता दुःखाच्या जाणिवेपाशी थांबते, आणि तथागतांची वाट तेथून पुढे सुरू होते.