प्राचीनाभासी छायाचित्रें आणि काळी-पांढरीचा पुरावा

नव्या छायाचित्रांस जुनेपणाचें रूप देण्याची चाल अलीकडे सर्वत्र पडली आहे. वाळवंटाचीं व उजाड मुलुखाचीं दृश्यें या कामीं विशेष पसंत केलीं जातात. रंग काढून पिंगट छटा द्यावयाची, कडा काळवंडवावयाच्या, वर ओरखडे व डाग उमटवावयाचे, कीं कालचें चित्र सव्वाशें वर्षांपूर्वींचें भासूं लागतें. कोणी आपल्या करमणुकीसाठीं असें केल्यास आमची हरकत नाहीं. परंतु अशीं चित्रें उद्यां जुन्या कागदांच्या संग्रहांत अस्सल साधनांच्या शेजारीं येऊन बसतील. म्हणून त्यांची परीक्षा करणें अवश्य आहे.

प्रथम हें रूप खरोखरच जुनें आहे काय तें पाहूं. फ्रॅन्सिस फ्रिथ या इंग्रज छायाचित्रकारानें १८५६ ते १८६० च्या दरम्यान मिसर व आसपासच्या प्रदेशांत तीन सफरी केल्या. त्या काळीं काचेवर कलोडियनचा लेप देऊन तो ओला आहे तोंच चित्र घ्यावें व धुवावें लागे. कलोडियनांतील ईथर सुमारें ३५ अंश सेल्सियसलाच उकळतें. वाळवंटांतल्या तंबूंत हें काम किती बिकट होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. असें असूनही फ्रिथचीं चित्रें रेखीव व स्वच्छ आहेत. डागाळलेली काच हें तेव्हां कारागिराचें अपयश होतें. आज तेंच अपयश प्राचीनतेची खूण म्हणून मिरविलें जातें.

पिंगट रंगाचीही तीच कथा. अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरील ठसे सुवर्णक्षाराच्या संस्कारानें मुळांत जांभळट-तपकिरी असत. त्यांचा आजचा पिवळेपणा बव्हंशीं वयाचा आहे. गंधकाच्या संस्कारानें आणलेला पिंगटपणा याहून निराळा. त्यांत चांदीचें सल्फाइड होऊन ठसा अधिक टिकतो. एक वार्धक्याचें लक्षण, तर दुसरा वार्धक्यावरील उपाय. अनुकरण करणारे दोहोंची सरमिसळ करतात.

आकाशाची कसोटी सर्वांत सोपी. ओली काच निळा व जांभळा प्रकाश चटकन घेई, तांबडा जवळजवळ घेतच नसे. त्यामुळें आकाश पांढरें फटक येई, ढग दिसत नसत, आणि तांबूस वाळू काळसर उमटे. ढग हवेच असल्यास फ्रेंच छायाचित्रकार ल ग्रे याच्याप्रमाणें दोन काचांवरून एक ठसा जुळवावा लागे. १८७३ त फोगेल यानें रंगद्रव्याच्या योगें काचेची ग्रहणशक्ति वाढविण्याची युक्ति शोधली. तांबड्यासकट सर्व रंग घेणाऱ्या काचा १९०६ पासून बाजारांत आल्या. तेव्हां १८६० चें म्हणून पुढें केलेल्या चित्रांत भरगच्च ढग व उजळ तांबडी वाळू एकत्र दिसली, तर तें आम्ही संशयितच मानूं. मोडी कागदाचा शिक्का, मिती, अक्षर व कागद यांचा मेळ आपण पाहतों, त्यांतलाच हा प्रकार.

याहून मोठी हानि आपल्या मुलुखाच्या चित्रांत आहे. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील पुसेगांवाचा परिसर घ्या. उन्हाळ्यांत या बाजूच्या मोकळ्या काळ्या रानास भेगा पडतात, आणि पिंगट छटेनें त्याचें वाळवंट सहज करतां येतें. पण हा प्रदेश वाळवंट नव्हे. जैसलमेराकडे वर्षास २०० मिलीमीटरांहूनही कमी पाऊस पडतो; हिंगोलीकडे त्याच्या चौपटीच्या आसपास.

शिवाय भूमीचा रंग ही येथें नुसती शोभा नाहीं. आपल्या जुन्या दप्तरांत काळी म्हणजे शेतजमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण व पडलेल्या भिंतींची माती यांनीं वस्तीची जमीन पांढुरकी होते. दख्खनेंतील उजाड गांवठाणांचा माग संशोधक अशा पांढरीच्या टेकाडांवरून काढीत आले आहेत. सर्व चित्रावर एकच फिका पिंगट लेप चढविला कीं हा भेद मंद होतो, आणि कडा काळवंडल्या कीं शिवाराच्या टोकास असलेलें टेकाड अजिबात लोपतें. ज्या चित्रानें इतिहासास साक्ष द्यावयाची, तेंच साक्ष पुसतें.

कोणी म्हणेल, कलावंतास एवढेंही स्वातंत्र्य नसावें काय? अवश्य असावें. कवीस कल्पनेची मोकळीक आहे, पण कवितेखालीं जुनी मिती घालून तिला बखर म्हणण्याची नाहीं. निजामाच्या राज्यांत नांवाजलेले राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या अडीच हजारांवर काचा आज दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत आहेत. ठशावर शंका आल्यास मूळ काचेकडे जातां येतें, हें त्यांचें मोल. नव्या चित्राची मूळ प्रत टाकून दिली, तर पुढील संशोधकानें कोठें जावें?

म्हणून आमचें संग्राहकांस इतकेंच सांगणें आहे. संस्कार न केलेली रंगीत प्रत आधीं राखावी. तिजबरोबर स्थळ, तारीख, कॅमेऱ्याची दिशा व पुढें केलेले फेरफार लिहून ठेवावे. जुनें म्हणून विकावयास आलेलें चित्र नुसत्या रंगावर घेऊं नये; त्याचा कागद व पाठ आधीं पाहावी. जुनेपण काळानें यावें. तें हातानें आणलें असेल, तर तसें त्या चित्राच्या पाठीवर स्पष्ट नमूद असावें.